आम्ही हरलोच नव्हतो

रग्बीवाल्यांना आपल्या सभ्यतेचा भारी अभिमान. सव्वाशे किलोचा, कान चुरगळलेला, नाकाचं हाड मोडून भलत्याच दिशेला बसलेला गडी पंचासमोर येतो आणि पोरासारखा ‘येस सर’ म्हणतो. पंचाशी बोलायचं ते फक्त कप्तानाने, आणि तेही अदबीने. उलट बोललात तर दहा मीटर मागे सरा. वेल्सचे पंच नायजेल ओवेन्स यांनी 2012 मध्ये कुरकुर करणाऱ्या एका खेळाडूला बाजूला घेऊन ‘हे सॉकर नव्हे’ अशी समज दिली होती. ती चित्रफीत रग्बीप्रेमी अजून एकमेकांना दाखवतात आणि दाखवताना छाती फुगवतात. आयर्लंडमध्ये लिमरिकच्या थॉमंड पार्कवर तर पाहुण्या संघाचा खेळाडू किक मारायला उभा राहिला की पंचवीस हजार माणसं चिडीचूप होतात. आपल्याकडे एवढी शांतता शोकसभेतही नसते.

पण तक्रार ही गोष्ट गिळली म्हणून पचत नाही. खेळाडूने गिळलेली तक्रार प्रेक्षकाच्या तोंडून बाहेर पडते, आणि ती पडायला लागली की सामना संपला, हंगाम संपला, पंच निवृत्त झाले, तरी थांबत नाही. मोठ्या मैदानांवर कानात घालायचं एक छोटं यंत्र विकत मिळतं. पंचाच्या अंगावरच्या माइकमधून तो जे बोलतो ते त्यातून ऐकू येतं. निर्णयामागचं कारण लोकांना कळावं, हा हेतू. पूर्वी लोक न ऐकता शिव्या द्यायचे, आता पैसे मोजून, नीट ऐकून, मुद्द्याला धरून देतात.

आता या खेळाचे नियमच असे आहेत की भांडणाला जागा शोधावी लागत नाही. चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही, मागेच द्यायचा. सोपं वाटतं. पण देणारा स्वतः जिवाच्या आकांताने पुढे धावत असतो. त्याने चेंडू मागे दिला तरी त्याच्या धावण्याचा वेग चेंडूला चिकटलेला असतोच, त्यामुळे जमिनीवर रेघ ओढून पाहिलं तर तोच चेंडू दोन मीटर पुढे गेलेला दिसतो. म्हणून पंचांनी चेंडू हातातून कुठल्या दिशेने सुटला एवढंच पाहावं, असं ठरलं आहे. हा मुद्दा गॅलिलिओने चारशे वर्षांपूर्वी मांडला होता. पबमधल्या माणसाला तो आजही मान्य नाही. त्याच्याजवळ फोनवर घेतलेलं छायाचित्र असतं, त्यावर त्याने लाल रेघ मारलेली असते आणि ती रेघ नेहमी त्याच्या संघाच्या बाजूने झुकलेली असते. स्क्रमबद्दल तर बोलूच नका. सोळा माणसं डोकी खुपसून एकमेकांना रेटतात, मधेच ढिगारा कोसळतो आणि पंच एका बाजूकडे हात करतो. का केला, हे ढिगाऱ्यातल्यांनाही ठाऊक नसतं. वरून पाहणाऱ्याला मात्र पक्कं ठाऊक असतं.

खरं सांगायचं तर या खेळाची जागतिक संघटनाच एका भांडणातून जन्माला आली. 1884 साली ब्लॅकहीथला इंग्लंड आणि स्कॉटलंडचा सामना होता. इंग्लंडच्या खेळाडूने रेषेपलीकडे चेंडू टेकवला, म्हणजे ट्राय केला. स्कॉटिश मंडळी म्हणाली, हा ट्राय धरता येत नाही, कारण त्याआधी नियमभंग झाला होता. कोणी केला? आमच्याच माणसाने! त्याने चेंडू हाताने मागे मारला, ते आमच्याकडे चालत नाही, सबब खेळ तिथेच थांबायला हवा होता. इंग्रज म्हणाले, चूक तुमची आणि फायदाही तुम्हालाच? मुद्दा बिनतोड होता, म्हणूनच तो कोणी मान्य केला नाही. मैदानावर बराच वेळ वाद चालला, मग पत्रव्यवहार झाला, पुढल्या वर्षी सामनाच झाला नाही. शेवटी 1886 मध्ये स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स यांनी मिळून आंतरराष्ट्रीय मंडळ काढलं. इंग्लंड रुसून बसलं ते 1890 मध्ये आत आलं. आजची ‘वर्ल्ड रग्बी’ ती हीच. स्वतःच्या माणसाचा फाउल दाखवून दाद मागणाऱ्यांच्या पुढाकाराने जी संस्था उभी राहिली, तिच्या छायेत वाढलेल्या प्रेक्षकांकडून निमूटपणाची अपेक्षा कशी करायची?

जाता जाता एक सांगतो. इंग्लंड आणि स्कॉटलंड ज्या कपासाठी भांडतात तो कलकत्ता कप आपल्याकडच्या चांदीच्या रुपयांचा आहे. कलकत्त्याच्या साहेबांचा क्लब बंद पडला, तेव्हा शिल्लक रुपये वितळवून त्यांनी तो घडवला. कड्यांच्या जागी नाग आणि झाकणावर हत्ती. 1988 मध्ये दोन्ही संघांतल्या दोघांनी सामन्यानंतर झोकून एडिंबरोच्या रस्त्यात त्याच्याशीच खेळ मांडला आणि त्याला चेपवून आणलं. आपल्या रुपयाने साहेबाच्या हातून इतका मार क्वचितच खाल्ला असेल.

असो. भांडणांचा मूळपुरुष मात्र 1905 चा. न्यूझीलंडचा संघ त्या वर्षी पहिल्यांदा ब्रिटनमध्ये आला आणि भेटेल त्याला लोळवत सुटला. पस्तीस सामन्यांच्या त्या दौऱ्यात एकच हरला, तो 16 डिसेंबरला कार्डिफमध्ये, वेल्सविरुद्ध, 3-0 ने. शेवटाकडे न्यूझीलंडचा बॉब डीन्स रेषेकडे झेपावला. त्याच्या मते त्याने चेंडू रेषेच्या सहा इंच पलीकडे टेकवला आणि वेल्सवाल्यांनी त्याला पाय धरून मागे ओढलं. पंच जॉन डॅलस मागून धावत येत होते. न्यूझीलंडवाले सांगतात, त्यांच्या अंगात रस्त्यावरचे कपडे होते आणि पायांत साधे बूट. ते पोहोचले तोवर चेंडू रेषेच्या अलीकडे होता. डॅलस यांचं म्हणणं, तो मुळातच सहा ते बारा इंच अलीकडे टेकला होता. डीन्सने ‘डेली मेल’ला तार केली. बिचारा 1908 मध्ये चोविसाव्या वर्षी गेला. जातानाही ‘मी ट्राय केला होता’ म्हणत गेला अशी आख्यायिका आहे.

हा शेताच्या बांधाचा वाद आहे. आमच्या तालुक्याच्या कोर्टात सहा इंच बांध कोरल्याचे दावे आजोबांनी लावलेत आणि नातू तारखांना जातात. ज्याच्यासाठी भांडायचं तो बांध दोघांच्या नांगराखाली केव्हाच गेलेला असतो. कार्डिफचं ते मैदानही आता तसं उरलेलं नाही, नवं स्टेडियम झालं, ती रेषा नेमकी कुठे होती हे दाखवायला मोजणीवाला आणला तरी सापडायची नाही. पण वेल्सच्या माणसाला पेला पाजा आणि ‘डीन्स’ म्हणा, तो बोट टेबलावर ठेवून दाखवतो, चेंडू इथे होता. न्यूझीलंडचा माणूस ते बोट उचलून पलीकडे ठेवतो. एका गोष्टीवर मात्र दोघंही गप्प असतात. तो ट्राय सोडून बाकीच्या सबंध सामन्यात न्यूझीलंडला एकही गुण का करता आला नाही? हा प्रश्न तारेत नव्हता.

मला या प्रकाराचा छंद लागला तो इथूनच. ज्या ज्या पराभवाचं खापर पंचाच्या डोक्यावर फुटलं आहे, त्याच्या मागे जाऊन पाहावं, तिथे हमखास एक हुकलेली किक पडलेली असते. कोणी तिच्याकडे बघत नाही.

1978 ला वेल्स आणि न्यूझीलंड कार्डिफमध्ये पुन्हा भिडले. शेवटची मिनिटं, वेल्स पुढे. लाइनआउटमध्ये, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमधून आत फेकतात तेव्हा, न्यूझीलंडचा अँडी हेडन कोणी ढकलल्यासारखा धाडकन बाहेर पडला. पेनल्टी मिळाली, ब्रायन मॅकेचनीने ती मारली आणि न्यूझीलंड 13-12 ने जिंकलं. हे पडणं नाटक होतं हे हेडनने पुढे स्वतःच सांगितलं. पण पंच रॉजर क्विटंटन म्हणाले, मी त्याच्यासाठी पेनल्टी दिलीच नव्हती, वेल्सच्या दुसऱ्या एका खेळाडूने शेजारच्याच्या खांद्यावर भार टाकला, त्यासाठी दिली. म्हणजे एवढा अभिनय केला आणि परीक्षकाचं लक्ष भलतीकडेच! वेल्सवाल्यांना हे स्पष्टीकरण आजतागायत पटलेलं नाही. त्यांना न्याय मिळाला तो दुसऱ्याच खेळात. हाच मॅकेचनी 1 फेब्रुवारी 1981 रोजी मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध बॅट घेऊन उभा होता, शेवटच्या चेंडूवर बरोबरीसाठी सहा धावा हव्या होत्या आणि ट्रेव्हर चॅपेलने चेंडू सरपटत सोडला. आपण सगळ्यांनी तेव्हा न्यूझीलंडसाठी हळहळ केली. वेल्सच्या खोऱ्यांत त्या दिवशी हळहळ कितपत झाली, याबद्दल मला शंका आहे.

न्यूझीलंडमध्ये हरणं हा अपघात मानत नाहीत, गुन्हा मानतात, आणि गुन्हा म्हटल्यावर आरोपी लागतो. 1999 च्या विश्वचषकात संघ फ्रान्सकडून हरला तेव्हा प्रशिक्षक जॉन हार्ट यांच्यावर लोक थुंकलेच, पण ख्राइस्टचर्चच्या शर्यतीत त्यांचा घोडा धावत होता, त्यालाही सोडलं नाही. घोड्याने एकही पास चुकवला नव्हता. मग 2007 आलं. कार्डिफ (पुन्हा!), उपउपांत्य सामना, पुन्हा फ्रान्स. पंच वेन बार्न्स, वय 28, पेशाने बॅरिस्टर. फ्रान्सच्या ट्रायआधी ट्रायलने मिशालाककडे दिलेला पास पुढे गेला होता. या पासबाबत गॅलिलिओसुद्धा न्यूझीलंडच्या बाजूने उभा राहिला असता. बार्न्सना तो दिसला नाही. फ्रान्स 20, न्यूझीलंड 18. बार्न्सना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. आणि पाच वर्षांनी प्रशिक्षक ग्रॅहम हेन्री यांचं चरित्र आलं, त्यात तर सामना ठरवून पाडल्याचीच शंका होती. त्या ट्रायनंतर दहाएक मिनिटं शिल्लक होती, दोनच गुणांची पिछाडी होती, चेंडू न्यूझीलंडकडे होता आणि एक साधा ड्रॉप गोल तीन गुण देऊन गेला असता. तो जवळ जाऊन नीट मारावा असं कोणाला सुचलं नाही. हे वाक्य ऑकलंडमध्ये मोठ्याने म्हणू नये.

माझा एक भाचा ऑकलंडला असतो. नाशिकचा पोरगा, हिशेबनीस आहे, रग्बीचा चेंडू हातात धरल्याचं मला आठवत नाही. 2023 च्या अंतिम सामन्यानंतर मी त्याला फोन केला. न्यूझीलंड पॅरिसमध्ये दक्षिण आफ्रिकेकडून 12-11 ने हरलं होतं.

“मामा, लुटलं हो आम्हाला.”

“कोणी रे?”

“बार्न्सने! आणखी कोण?”

“म्हणजे तोच का, 2007 वाला?”

“तोच! मी तेव्हा नाशिकला दहावीत होतो. पण मला सगळं आठवतं.”

नागरिकत्व मिळाल्यावर पासपोर्टबरोबर जुनी दुःखंही देत असावेत. त्याने मला अर्धा तास समजावलं. आपल्या कप्तानाला, सॅम केनला, पिवळं कार्ड दाखवून मग ते आत बसलेल्यांनी लाल कसं केलं, आफ्रिकेच्या कप्तानाचं मात्र पिवळंच कसं राहिलं, आणि एरन स्मिथचा ट्राय त्याआधीच्या कुठल्या तरी निसटलेल्या चेंडूसाठी मागे जाऊन कसा रद्द केला. मी विचारलं, “आणि मोउंगाची किक? जॉर्डी बॅरेटची पेनल्टी? दोन्ही चुकल्या ना?” पलीकडे शांतता पसरली. मग म्हणाला, “मामा, तुम्हाला रग्बी कळत नाही.”

बार्न्स त्या सामन्यानंतर निवृत्त झाले. तो त्यांचा 111 वा कसोटी सामना होता. ज्या देशाने पहिल्यांदा शिव्या दिल्या त्याच देशाच्या शिव्यांनी निरोप मिळावा, हा योग थोड्यांच्याच नशिबी येतो.

दक्षिण आफ्रिकेचा प्रकार वेगळा. तिथे पंचाबद्दलचं प्रेमही उघड असतं आणि रागही. 1995 च्या उपांत्य सामन्यात डरबनच्या चिखलात फ्रान्सचा बेनाझी रेषेपासून इंचभर अलीकडे थांबला, की पलीकडे गेला? (पुन्हा इंच!) पंच डेरेक बेव्हन यांनी ट्राय दिला नाही, आफ्रिका 19-15 ने जिंकली. अंतिम सामन्यानंतरच्या मेजवानीत आफ्रिकेच्या रग्बीचे अध्यक्ष लुई लाय्ट यांनी भर सभेत याच बेव्हन यांना सोन्याचं घड्याळ भेट दिलं. बेव्हन यांना कुठे तोंड लपवू असं झालं. दुसऱ्याला लाच देण्याची हौस असेल तर निदान चारचौघांत देऊ नये, आणि दिली नसेल तर दिल्यासारखी दिसू देऊ नये, एवढं शहाणपण आपल्या नगरपालिकेतही असतं. तो अंतिम सामना न्यूझीलंड हरलं, कारण त्यांच्या मते सुझी नावाच्या वेट्रेसने जेवणातून विष घातलं. सुझी कोणाला कधी सापडली नाही. शेवटाकडे मेर्टेन्सचा हुकलेला ड्रॉप गोल मात्र चित्रफितीत स्वच्छ सापडतो.

2002 मध्ये डरबनलाच आफ्रिकेची जर्सी घातलेला एक प्रेक्षक मैदानात घुसला आणि त्याने आयरिश पंच डेव्हिड मॅकह्यू यांना चक्क आडवं पाडलं. पंचांचा खांदा निखळला. दोन्ही संघांचे खेळाडू मिळून त्या माणसावर तुटून पडले. हे झालं हाताने. बुद्धीने केलेलं काम 2021 चं. ब्रिटिश-आयरिश लायन्सविरुद्ध पहिली कसोटी हरल्यावर आफ्रिकेचे संचालक रासी इरॅस्मस यांनी पंच निक बेरी यांच्या चुका दाखवणारा 62 मिनिटांचा व्हिडिओ केला, आणि तो जगभर पसरला. सामना असतो 80 मिनिटांचा! नाचता येईना अंगण वाकडं म्हणणारे आपण पुष्कळ पाहिलेत, पण अंगणाच्या वाकडेपणाची अशी फुटाफुटाने मोजणी कोणी केली नव्हती. आणि यांना नाचताही उत्तम येत होतं, पुढच्या दोन्ही कसोट्या त्यांनी जिंकल्या. त्याच मालिकेत इरॅस्मस पाणक्या बनून बाटल्या घेऊन मैदानातही फिरत होते. व्हिडिओपायी त्यांच्यावर बंदी आली, आणि प्रशिक्षकाने पाणक्या व्हायचं नाही असा नवा नियमही आला. तहानलेल्याला पाणी पाजण्यावर नियम करावा लागलेला हा जगातला एकमेव खेळ असावा.

2023 च्या उपउपांत्य सामन्यात फ्रान्स घरच्या मैदानावर आफ्रिकेकडून 29-28 ने हरलं. पंच न्यूझीलंडचे बेन ओकीफ. पंचगिरी सामन्याच्या तोलाची नव्हती, असं फ्रान्सचा कप्तान दुपाँ जाहीरपणे म्हणाला. मग सबंध देशाला कंठ फुटला. सूर एकच, डोळे तपासून घ्या. आता हे ओकीफ वैद्यक शिकलेले, आणि त्यातही डोळ्यांचेच डॉक्टर! माझ्या छंदाप्रमाणे मी इथेही हुकलेली किक शोधली. होती. फ्रान्सचा रामोस ट्रायनंतरची किक मारत असताना आफ्रिकेचा कोल्बे सुसाट धावत आला आणि त्याने ती अडवली. दोन गुण गेले, सामना एकाने. पण फ्रेंच बुद्धी आपल्यापुढे चार पावलं असते. ते म्हणतात, कोल्बे वेळेआधी निघाला आणि ते पंचांना दिसलं नाही! इतरांना हुकलेली किक लपवावी लागते, यांनी तीही पंचांच्या खात्यावर टाकली. मी हात जोडले.

खेळाडू मात्र यातून लवकर सुटतात, हे पाहण्यासारखं आहे. 2011 च्या उपांत्य सामन्यात वेल्सचा कप्तान सॅम वॉरबर्टन विसाव्या मिनिटाच्या आतच लाल कार्ड घेऊन बाहेर गेला, वेल्स फ्रान्सकडून 9-8 ने हरलं. पंच अलँ रोलाँ हे आयर्लंडचे, पण वडील फ्रेंच. झालं, वेल्समध्ये वंशावळी निघाल्या. पुढे वॉरबर्टनने स्वतः सांगितलं की कार्ड बरोबर होतं. त्याचे चाहते म्हणाले, पोरगं मनाचं फार मोठं आहे. म्हणजे ते चुकतंय. त्या दिवशी वेल्सच्या तीन जणांच्या किका हुकल्या होत्या, त्यांची वंशावळ कोणी काढली नाही. इंग्रजांना यातलं काहीच करता येत नाही, कारण ते हरले की बाकीचं जग इतकं खूश असतं की तक्रार ऐकायला कोणी उरत नाही. 2019 चा अंतिम सामना आफ्रिकेकडून 32-12 ने हरल्यावर त्यांच्यातल्या काहींनी रुपेरी पदक गळ्यात पडल्या पडल्या काढलं, एकाने तर घालूनच घेतलं नाही. पंचावर ढकलावं तर फरक वीस गुणांचा.

सगळ्यांत बिकट अवस्था झाली ती स्कॉटलंडची. 18 ऑक्टोबर 2015, ट्विकनहॅम, पाऊस. उपउपांत्य सामन्यात दोन मिनिटं उरली असताना स्कॉटलंड ऑस्ट्रेलियापेक्षा 34-32 ने पुढे. तेवढ्यात पंच क्रेग जुबेर यांनी ऑफसाइडची पेनल्टी दिली, ऑस्ट्रेलियाच्या फोलीने ती मारली, 35-34. शेवटची शिट्टी वाजवून जुबेर कोणाशी हात न मिळवता थेट पळत आत गेले. स्कॉटिश लोकांनी आता पुढल्या शंभर वर्षांची सोय झाली म्हणून बाह्या सावरल्या, आणि दुसऱ्याच दिवशी वर्ल्ड रग्बीने घात केला. निर्णय चुकीचा होता, पेनल्टी नव्हे तर स्क्रम द्यायला हवा होता, असं त्यांनी लेखी जाहीर करून टाकलं.

निकाल बदलला नाही तो नाहीच, पण वादही गेला. प्रतिपक्षच म्हणतोय तुमचं बरोबर, तर भांडायचं कोणाशी? डीन्सच्या सहा इंचांचं असं कोणी मान्य केलं असतं तर न्यूझीलंडला 1905 कधीच विसरायला लागलं असतं. स्कॉटलंडच्या पबमध्ये दोन पेले होईपर्यंत सगळे पंच चुकला म्हणाले, एकमत झालं आणि विषय संपायला आला. त्यात कोणीतरी हळूच म्हणालं, की त्या पेनल्टीच्या आधी लाइनआउट आपलाच होता. भर पावसात, पुढे असताना, चेंडू जवळच्या गड्याकडे न टाकता लांब मागे भिरकावला आणि आपणच घालवला. तो का?

टेबलाभोवती सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकजण मूठ आपटून म्हणाला, “ते राहू द्या. आधी हे सांगा, तो जुबेर पळाला कशाला?”